कापलेली पट्टी

हिरालाल आणि खुशाल रहांगडाले हे चुलतभाऊ. सालेकश्याच्या अलीकडे, रेल्वेलाइनीला लागून असलेल्या गावात दोघांची घरं एकाच भिंतीनं जोडलेली होती. तीन-चार वर्षांपासून भिंतीच्या अलीकडचा माणूस पलीकडच्याशी बोलत नव्हता.

भांडण छतावरून झालं होतं. हिरालालला वर एक खोली काढायची होती. खुशाल वयानं मोठा. तो पंचायतीत गेला आणि म्हणाला, भिंत दोघांची आहे, माझ्या परवानगीशिवाय तिच्यावर वजन टाकता येणार नाही. बांधकाम थांबलं. हिरालालनं आणून टाकलेल्या विटांवर शेवाळ चढलं आणि शेवटी त्या पडत्या भावात कोणाला तरी देऊन टाकाव्या लागल्या. मग एकाच्या घरच्या बारशाला दुसरा गेला नाही. एकाच्या म्हशीनं दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत तोंड घातलं तर ती रक्ताळलेली पाठ घेऊन परत येई.

हिरालालची बायको नीतू माहेरची बोदलकस्याची. खुशाल तिचा भासरा, म्हणजे मोठा दीर लागे. भासऱ्यासमोर ती डोक्यावर पदर घ्यायची आणि त्याच्याशी समोरासमोर कधी बोलायची नाही. भांडण नसतं तरी बोलली नसती. खुशालच्या बायकोची, रुख्माची गोष्ट वेगळी होती. पूर्वी दोघी जावा मागच्या अंगणात एकाच बोरिंगवर कपडे धुवायच्या. आता एक बाहेर आली की दुसरी बादली अर्धवट टाकून आत जायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी मागच्या सागाच्या झाडावर वीज पडली. झाड उभं चिरलं. हिरालालच्या घरातला टीव्ही, फ्रीज, इन्व्हर्टर आणि कपडे धुवायची मशीन, सगळं एका क्षणात गेलं. इन्व्हर्टरमधून धूर निघत होता. खुशाल त्या दिवशी मेन बंद करून बायकोसह कोहमाऱ्याला लग्नाला गेला होता. त्याच्या घरातला साधा बल्बही उडाला नाही. परत आल्यावर तो पानठेल्यावर चार लोकांत म्हणाला, "देवाले समजते कोनाच्या घरी काय जाराचा ते."

ते वाक्य त्याच संध्याकाळी हिरालालपर्यंत पोचलं. त्या रात्री तो जेवला नाही.

यंदा धानाची रोवणी आटोपल्यावर हिरालालनं गोंदियाहून उदारामला बोलावलं. उदाराम इमारतींच्या वायरिंगचे ठेके घ्यायचा आणि अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत बोलायचा. त्यानं छतावर उंच नळी उभी केली आणि तिच्या टोकाला तांब्याचा भाला बसवला. भाल्यापासून तांब्याची पट्टी भिंतीवरून खाली आणून जमिनीत कोळसा आणि मीठ भरलेल्या खड्ड्यात गाडली. मीटरच्या बोर्डात एक छोटा डबा लावला. डब्याला बोटाच्या नखाएवढी खिडकी होती आणि तिच्यात हिरवा रंग दिसत होता.

"देखो भाभी," तो नीतूला म्हणाला, कारण हिरालाल खड्ड्यात मीठ ओतत होता, "ये दो अलग चीजें हैं. भाल्यानं टीव्ही नाही वाचत. सीधी घरावर पडली तर भाला तिला जमिनीत नेतो, घर वाचतं. पण लाइनीवर दूर कुठं पडली तर ती तारेतून घरात येते, तिला हा डबा अडवतो. खिडकी लाल झाली की समजायचं, डब्यानं मार खाल्ला. बदलून घ्यायचा. अन् ढग आले की प्लग काढूनच ठेवायचे. डिशची वायरसुद्धा."

पट्टी समोरून, ओसरीच्या बाजूनं उतरवावी असं उदारामच्या मनात होतं. हिरालालनं नाही म्हटलं. समोरून वाईट दिसते, मागून उतरव. मागं दोन्ही घरांची भिंत जिथं मिळते त्या कोपऱ्यातून पट्टी खाली आली. भिंतीच्या पलीकडे खुशालचं स्वयंपाकघर होतं.

"चलेगा," उदाराम म्हणाला. "पट्टी सलग असली तर काही नाही. सिर्फ टूटने मत देना. अन् एक काम करा, बाजूवाल्यालाही एक डबा बसवून घ्यायला सांगा. एकाच खांबावरून लाइन आहे. त्याच्याकडं तर अर्थिंगच दिसत नाही."

"त्याचा तो पाहील," हिरालाल म्हणाला.

नीतूनं ते ऐकलं. आपण रुख्माला सांगावं असं तिच्या मनात आलं. पण बोरिंगवर रुख्मानं तिला पाहून पाठ फिरवली, आणि नीतूनंही मग बादली उचलली.

दसऱ्यानंतर धान पिवळं पडायला लागलं तेव्हा एका दुपारी गडगडाट झाला आणि गावाबाहेरच्या डीपीजवळ वीज पडली. हिरालालच्या घरात बोर्डातून फटकन आवाज आला, डब्याची खिडकी लाल झाली, बाकी सगळं शाबूत राहिलं. खुशालच्या घरी टीव्ही, डिशचा डबा, फ्रीज आणि बोरिंगच्या मोटरीचा स्टार्टर जळाला. टीव्ही नवा होता.

खुशाल हिरालालच्या फाटकात येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गल्लीतली माणसं ओट्यांवर आली.

"हिरालाल, तो भाला उतरव."

"काऊन?"

"वरची वीज खाली वढते अन् माया घरात टाकते. तुया घरचा काई जरला नाई, मायाच घरचा जरला. हे काय मले समजत नाई का?"

हिरालाल ओसरीत खुर्चीवर बसला होता. नीतू दाराआड उभी होती. तिला वाटलं, आता हा सांगेल. लाइनीवर पडली, तारेतून आली, भाल्याचा काही संबंध नाही, तूही डबा लावून घे. दोन वाक्यांचं काम होतं.

हिरालाल उठला नाही. "देवाले समजते," तो सावकाश म्हणाला, "कोनाच्या घरी काय जाराचा ते."

ओट्यावरचं कोणीतरी हसलं. खुशालच्या मानेवरची शीर फुगली. तो वळून निघून गेला. फाटक लावायलाही थांबला नाही.

"सांगाले पायजे होता त्याहिले," हिरालाल आत आल्यावर नीतू म्हणाली.

"तू वकील हायेस का त्याची?"

हिरालालनं दुसऱ्याच दिवशी उदारामकडून नवा डबा मागवून बसवला. त्या आठवड्यात दोघं नवरा-बायको गोंदियाला बाजाराला गेली. परत आल्यावर नीतू मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला गेली, आणि तिला भिंतीवर काहीतरी खटकलं. तांब्याची पट्टी माणसाच्या छातीच्या उंचीवर कापलेली होती. हातभर तुकडा गायब होता. कापलेली टोकं लालसर चमकत होती आणि खाली तांब्याचा बारीक भुसा पडला होता.

तिनं हिरालालला बोलावलं. तो बाजारातून आणलेल्या पिशव्या हातात घेऊनच आला. भिंतीपलीकडून खुशालचा आवाज आला. तो बायकोला सांगत होता, पण ऐकू इकडं जावं अशा बेतानं. "आता पाहतो कशी वढते वीज. दात पाडून टाकले सापाचे."

हिरालालनं उदारामला फोन लावला. हातात पिशव्या असल्यामुळे फोन ओट्यावर ठेवून, स्पीकर लावून तो मोठ्या आवाजात बोलत होता.

"जोडता येते," उदाराम म्हणाला. "पर मैं अभी कोहमारा में हूँ, ढाब्याचं काम सुरू आहे. आठवडा लागेल. तोपर्यंत तो भाला उतरवून ठेवा. नुसती नळी आडवी करा, दोन बोल्ट आहेत."

"नाही उतरवला तं?"

"अरे भाऊ, वीज वर पडली तर खाली येणारच. तुटलेल्या जागी येऊन ती काय थांबते? बाजूला लोखंड, वायर, पाण्याचा पाइप, जे दिसेल तिकडं उडी मारते. भिंत फोडून जाते."

"कोनत्या भिंतीत?"

"जी जवळ आहे तिच्यात. हे पहा, उतरवूनच टाका."

"बरं," म्हणून हिरालालनं फोन ठेवला.

नीतू थांबली. तो छताकडे जाईल म्हणून थांबली. हिरालालनं पिशव्या आत नेल्या, हातपाय धुतले आणि चहा मागितला.

चहा देताना ती म्हणाली, "पान्हा कोठी ठेवला? बोल्ट काढाचे हायेत ना."

"राहू दे."

"आयकला ना तुमी, तो काय म्हन्ला ते?"

"आयकला." त्यानं चहाचा घोट घेतला. "मी कापली का पट्टी? ज्यानं कापली त्यानं पाहावं."

"पोलिसात तक्रार करा मंग. पंचायतीत जा."

"पंचायतीचा न्याय एकदा पाह्यला." तो तिच्याकडे बघत नव्हता. "तक्रार नाई कराची. काहीच नाई कराचा."

नीतूच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. या माणसाचा राग तिला माहीत होता. तो ताट भिरकावायचा, शिव्या द्यायचा, आणि तासाभरात शांत व्हायचा. आज त्याचा आवाज चढला नव्हता. बशी त्यानं नीट कपावर झाकून ठेवली. त्या शांतपणाची तिला भीती वाटली.

पुढचे दिवस तसेच गेले. ती सकाळी विचारायची, तो उत्तर न देता शेतावर जायचा. तिनं स्वतः उदारामला फोन केला. तो म्हणाला, "भाभी, भाऊंनी परत फोन करून सांगितलं की घाई नाही. मी कसा येऊ?" तिनं पान्हा घेऊन एकदा छतावर जाऊन पाहिलं. बोल्ट उदारामनं इतके आवळले होते की तिच्या हातातला पान्हा नुसता घसरत राहिला. अंगठ्याची साल निघाली. खाली आली तर हिरालाल जिन्याशी उभा होता. त्यानं तिच्या हातातून पान्हा घेतला आणि मोटरसायकलच्या डिक्कीत टाकून कुलूप लावलं.

मग ती रुख्माकडे गेली.

रुख्मा बोरिंगवर भांडी घासत होती. नीतूला पाहून उठायला लागली, तशी नीतू म्हणाली, "बाई, थांबा. एक गोष्ट आयकून घ्या."

"मले टाइम नाई."

"ढग आले तं सैपाकखोलीत बसू नका. त्या भिंतीकडं जाऊ नका. फ्रिज तिथून काढून समोरच्या खोलीत ठेवा. पट्टी तुटली आहे, वीज पडली तं तुमच्या भिंतीत येईन."

रुख्मानं राखेचा हात तसाच ठेवून तिच्याकडे पाहिलं. "धमकी देऊन राहिली का?"

"धमकी कायले देऊ? सांगून राहिली."

"आमचा टीव्ही जरला, फ्रिज जरला, तवा नाई आली सांगाले. तवा दाराच्या मांगं उभी राहून आयकत होती. दिसत होता मले तुया पदर." रुख्माचा आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द जोर लावून घासल्यासारखा येत होता. "आता पट्टी कापली तं अंगावर आली. पाठवला असन त्यानंच. जाय, सांग त्याले, आमी भेत नाई."

"त्याहिनं नाई पाठवला. त्याहिले मालूमही नाई मी आली म्हनून."

"मंग तं आखीन वाईट," रुख्मा म्हणाली आणि कढई उचलून आत गेली.

संध्याकाळी भिंतीपलीकडून खुशालचं हसणं ऐकू आलं. नवा फ्रीज त्यानं त्याच आठवड्यात आणला होता आणि जुन्याच्याच जागी, त्या भिंतीला लावून ठेवला होता. "भ्याला," तो म्हणत होता. "बायकोले पाठवून राहिला आता."

वीज पडली त्या दिवशी सकाळपासून उकडत होतं. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती आणि गावातली माणसं बांध्यांमधून पेंढ्या उचलून आणायच्या घाईत होती. दुपारी हिरालालच्या मोबाइलवर विजेच्या इशाऱ्याचा मेसेज आला. सालेकश्याच्या डोंगरावरून ढग काळेभोर होऊन उतरत होते. एक मालगाडी गेली आणि तिच्या मागोमाग पहिला गडगडाट झाला.

हिरालालनं घरभर फिरून प्लग काढले. टीव्हीचा, फ्रीजचा, मशीनचा. डिशच्या डब्यातली वायर उपटून खिडकीबाहेर टाकली. मेन पाडला. नीतू त्याच्या मागं मागं होती.

"अजून टाइम आहे," ती म्हणाली. "पान्हा द्या. मी जाते वर."

"ढगात वर जाशीन का? मरशीन."

"तं त्याहिले तरी सांगा. तुमच्या तोंडानं सांगा. मायं आयकत नाई ते."

हिरालालनं खुर्ची उचलली आणि मागच्या भिंतीपासून लांब, समोरच्या ओसरीत नेऊन ठेवली. तिच्यावर बसला आणि ढगांकडे पाहू लागला. शेतावर जाताना पाऊस पाहावा तसा.

नीतूनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग ती फाटकातून बाहेर पडली आणि खुशालच्या घरात शिरली. हिरालालनं मागून हाक मारली. ती थांबली नाही.

खुशाल समोरच्या खोलीत टीव्ही पाहत बसला होता. दुरुस्त करून आणलेला. नीतूच्या डोक्यावर पदर नव्हता. तिनं दारामागच्या बोर्डावर हात टाकला आणि मेन पाडला. टीव्ही विझला, पंखा मंदावत गेला.

"बाई कोठी हायेत?" तिनं विचारलं. भासऱ्याशी ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती.

खुशाल उठून उभा राहिला. "माया घरातली लाइट बंद करनारी तू कोन?"

ती सरळ आत गेली. रुख्मा स्वयंपाकखोलीत फ्रीजचं दार उघडून दुधाचं पातेलं आत ठेवत होती. नीतूनं तिचा दंड धरला.

"चाला समोर."

"सोड."

"चाला म्हन्ते ना, बाई."

रुख्मानं हात झटकला. पातेलं पडलं, दूध जमिनीवर पसरलं. नीतूनं पुन्हा धरलं, या वेळी दोन्ही हातांनी, आणि तिला ओढत मधल्या खोलीपर्यंत आणलं. रुख्मा शिव्या देत होती. तिनं नीतूच्या मनगटाला नखं लावली. समोरून खुशाल आला, दोघींना धक्का देऊन पुढं गेला. जाता जाता त्यानं मेन चालू केला होता. फ्रीजचं दार उघडंच राहिलं होतं आणि आतला दिवा पेटला होता.

"नवा फ्रिज आहे तो," एवढं तो बोलला आणि दार लावायला हात पुढं केला.

उजेड आधी झाला की आवाज, हे दोघींनाही नंतर सांगता आलं नाही. घर पांढरं झालं. कान बंद झाले. भिंतीतून विटेचे तुकडे आणि प्लास्टर उडून खोलीभर पसरलं आणि जळक्या रबराचा वास आला. धूळ बसली तेव्हा भिंतीत, नेमकं पलीकडे पट्टी तुटली होती त्या उंचीवर, डोकं जाईल एवढं भगदाड पडलं होतं. फ्रीजचा पत्रा काळा पडला होता. खुशाल दुधात पालथा पडला होता.

रुख्मा किंचाळली नाही. ती खाली बसली आणि सरकत सरकत त्याच्याकडे जायला लागली. नीतू आधी बोर्डाकडे धावली. बोर्ड जळून आपोआपच बंद पडला होता. मग तिनं खुशालला उताणं केलं. त्याच्या उजव्या हाताचा तळवा भाजला होता, कानातून रक्त येत होतं. छाती हलत होती.

दारात हिरालाल उभा होता. तो आत आला नव्हता. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून आत पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते नीतूला त्या क्षणी वाचता आलं नाही.

"गाडी काढा," ती म्हणाली.

तो हलला नाही.

"गाडी काढा म्हन्ते मी. नाई तं मी गल्लीत जाऊन बोलावते कोनाले, अन् काऊन पडली वीज तेही सांगते."

हिरालाल गेला. त्याची धान वाहायची पिकअप फाटकाशी लागली.

गाडी गोंदियाकडे निघाली. हिरालाल चालवत होता. मागं पोत्यांवर, ताडपत्रीच्या आडोशाला खुशाल पडला होता. रुख्मानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. नीतू पायाशी बसली होती. पाऊस ताडपत्रीच्या कडेवरून आत येत होता. एका खड्ड्यात गाडी आदळली तसा खुशाल कण्हला आणि हिरालालनं गाडी हळू केली. नंतर सगळ्या रस्त्यात तो खड्डे टाळत राहिला. नीतूनं ते पाहिलं, पण त्यामुळे तिचा राग कमी झाला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. खुशाल शुद्धीवर आला होता, पण त्याला विचारलेलं ऐकू येत नव्हतं. रुख्मा म्हणाली, "वीज पडली." डॉक्टरांनी तेवढंच लिहून घेतलं.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. हिरालाल गाडीत होता. रुख्माच्या साडीवर दूध वाळून कडक झालं होतं.

"त्याले मालूम होता?" रुख्मानं विचारलं. नाव घेतलं नाही.

खोटं बोलायला जागा होती. नीतूनं ती घेतली नाही. "हो. फोनवर सांगला होता मिस्त्रीनं. भाला उतरवा म्हन्ला. नाई उतरवला याहिनं."

रुख्मानं साडीवरचं वाळलेलं दूध नखानं खरवडलं. "पट्टी कापाची आरी मीनंच देल्ली होती," ती म्हणाली. "बारीक दात्याची दे म्हन्ले, तं शोधून देल्ली."

नीतूनं तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला. रुख्मा बाकाच्या टोकाला सरकली.

"हात नको लावू. वाचवलीस, बरा केलास. पन तुया नवऱ्यानं माया नवऱ्याले माराले ठेवला होता. ते मी विसरनार नाई."

खुशाल वाचला. उजवा हात बरा झाला पण मूठ पूर्ण वळेना. डावा कान कायमचा गेला. घरी आल्यावर त्यानं गल्लीत सांगायला सुरुवात केली की हिरालालनं त्याला मारायचा डाव रचला होता. हिरालाल सांगत होता की पट्टी खुशालनं कापली, त्याचं फळ त्याला मिळालं. गाव दोन बाजूंना वाटलं गेलं. कोणी म्हणे भाला काढा, कोणी म्हणे खुशालवर केस करा. शेवटी सरपंच केशोरावांनी दोघांना पंचायतीत बोलावलं. बायकाही मागं येऊन बसल्या.

दोघं आपापलं बोलले. तेच शब्द, तीच बोटं एकमेकांकडे. केशोराव वैतागून म्हणाले, "यातलं खरं कोणाचं समजावं आम्ही?"

नीतू मागून उठली. "दोघंही खरं बोलून राहिले," ती म्हणाली.

हिरालालनं मागं वळून पाहिलं.

"भासऱ्याहिनं पट्टी कापली. अन् कापल्यावर काय होईन ते याहिले मालूम होता. मिस्त्रीनं सांगला तवा मी बाजूले उभी होती. पान्हा मायापासून हिसकून कुलपात ठेवला याहिनं." "मिस्त्रीनं अजून एक सांगला होता. सगळ्याहिनं डबा लावा, अर्थिंग करा, ढग आले का प्लग काढा. ते आमी कोनालेच नाई सांगला. मीही नाई सांगला. भांडन होता म्हनून."

ती बसली. हिरालाल उठला आणि पंचायतीतून निघून गेला. खुशालनं शेजारच्याला विचारलं, काय म्हणाली ती. त्यानं त्याच्या चांगल्या कानात सांगितलं. खुशालची मान खाली गेली आणि बैठक संपेपर्यंत वर आली नाही.

पंचायतीनं ठरवलं की पट्टी खुशालनं भरून द्यावी आणि भिंत हिरालालनं बांधून द्यावी. दोघांनी कुरकुरत मान्य केलं. उदाराम आला तेव्हा नीतूनं त्याला सांगितलं की पट्टी आता समोरून, ओसरीवरून उतरव. हिरालाल घरात होता. त्यानं ऐकलं आणि हरकत घेतली नाही. उदाराम निघायला लागला तसा रुख्मानं त्याला फाटकातून हाक मारली. तिच्या घरीही डबा बसला आणि जमिनीत कोळसा-मिठाचा खड्डा खणला गेला. गल्लीतल्या आणखी काही घरांनी त्याचा नंबर घेतला.

बोलणं मात्र कोणाचंच सुरू झालं नाही. खुशाल आणि हिरालाल समोरासमोर आले तर एकजण रस्ता बदलतो. रुख्मा बोरिंगवर नीतूला पाहून आता निघून जात नाही, आपलं काम करत राहते, पण तोंड उघडत नाही.

हिरालाल पंचायतीच्या दिवसापासून बायकोशी कामापुरतं बोलायचा. धान घरात आलं, मळणी झाली, थंडी पडली. एके दिवशी सकाळी खळ्यावरून आल्यावर तो ओट्यावर बसला आणि अचानक म्हणाला, "तुले खरंच वाटते का, मी त्याले माराले बसलो होतो?"

नीतू सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मले काय वाटते ते जाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी खुर्चीवर बसून कायची वाट पाहत होते, ते सांगा."

हिरालालनं तोंड उघडलं. मग त्यानं पायातली चप्पल काढून झटकली, पुन्हा घातली आणि खळ्याकडे परत गेला. नीतू त्या दिवशी दुपारपर्यंत उत्तराची वाट पाहत होती. नंतर तिनं वाट पाहणं सोडलं. मार्गशीर्षात ती बोदलकस्याला माहेरी गेली ती अजून तिथंच आहे. हिरालाल एकदा घ्यायला आला होता. ती त्याच्यासमोर बसली, त्याला जेवू घातलं आणि म्हणाली, सांगायचं असेल तर सांगा, मग येते. तो जेवला, हात धुतला आणि एकटाच परत गेला.